मीटरची वही : घरातील गॅस आणि विजेचा हिशेब



आपल्या डभोईचे नाव रेल्वेच्या इतिहासात आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. १८६२ साली गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम अशी अरुंद मापाची लाइन टाकली, तेव्हा तिच्यावरचे डबे बैल ओढत असत. नंतर वाफेची इंजिने नियमित धावू लागली. पुढे डिझेल आले. जानेवारी २०२१ मध्ये डभोईवरून केवडियाला जाणारा ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला आणि आता त्यावरून विजेच्या गाड्या धावतात. बैलाला वैरण लागली, वाफेच्या इंजिनाला कोळसा आणि पाणी लागले, डिझेलच्या इंजिनाला तेल लागले. फुकट कोणीच गाडी ओढली नाही.

आपल्या घराचेही तसेच आहे. आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी चूल होती, अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता, स्टोव्ह होता, कंदील होता. त्या काळी किती जळण लागले हे डोळ्यांना दिसत असे. लाकडांची रास कमी होई, रॉकेलचा डबा हलका होई, आणि मग आपोआपच घरात सगळे जपून वापरत. आज आपण बटन दाबतो आणि दिवा लागतो, खटका फिरवतो आणि शेगडी पेटते. सोय मोठी झाली, पण जळण दिसेनासे झाले. जे दिसत नाही ते किती गेले हे कळत नाही.

या पाठात आपल्याला हे न दिसणारे जळण पुन्हा डोळ्यांसमोर आणायचे आहे. त्यासाठी एक शंभर पानी वही, एक पेन्सिल आणि आठवड्यातील पाच मिनिटे पुरेशी आहेत.

१. बिलावरून का कळत नाही?

आपल्याकडे बहुतेक घरी दोन महिन्यांनी लाइट बिल येते. गुजरात विद्युत बोर्डाचे विभाजन होऊन २००५ पासून आपल्या भागात मध्य गुजरात वीज कंपनी वीजपुरवठा करते. तरी अनेक घरांत अजून ‘जीईबीचे बिल’ असेच म्हणतात. नाव काहीही असो, बिल हातात पडते तेव्हा वापर होऊन गेलेला असतो. दोन महिन्यांपूर्वीच्या कोणत्या दिवशी काय चालू राहिले, हे मग कुणालाच आठवत नाही.

दुसरी अडचण दिवसांच्या फरकाची. समजा, एक बिल ६२ दिवसांचे आहे आणि वापर २४८ युनिट. पुढचे बिल ५८ दिवसांचे आणि वापर २४० युनिट. आपण म्हणतो, वा, ८ युनिट कमी झाले! आता भागाकार करा. पहिल्यात रोज ४ युनिट पडले, दुसऱ्यात रोज ४.१४. म्हणजे वापर वाढला आहे. म्हणून एकूण युनिट पाहू नयेत, रोजचे सरासरी युनिट पाहावेत.

तिसरी अडचण ऋतूची. डभोईत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पंखे आणि कूलर अहोरात्र चालतात. मेचे बिल डिसेंबरच्या बिलाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. यंदाचा मे मागच्या वर्षीच्या मेशीच ताडावा. त्यासाठी जुनी बिले फेकू नयेत. पालकांनी ती एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून मुलांच्या हाती द्यावीत, अशी आमची विनंती आहे.

२. वही कशी आखावी?

पानावर सहा रकाने आखा : तारीख, मीटरचे रीडिंग, मागील रीडिंगपासूनचे युनिट, मध्ये गेलेले दिवस, रोजचे सरासरी युनिट आणि शेरा. दर रविवारी एकाच वेळी, म्हणजे सकाळी अंघोळीनंतर, रीडिंग घ्या. वजाबाकी करा, मग भागाकार करा. शेऱ्यात त्या आठवड्याचे वेगळेपण लिहा : ‘मामा-मामी चार दिवस आले’, ‘उत्तरायणाला सगळे दिवसभर गच्चीवर’, ‘परीक्षेमुळे रात्री उशिरापर्यंत दिवा’. हा शेरा फार महत्त्वाचा आहे. आकडा का वाढला ते शेऱ्यावरूनच कळते.

मीटरच्या पेटीला हात लावू नये, ती उघडू नये. रीडिंग काचेतून दिसते. लहान मुलांनी मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसला आहे त्यांना मोबाइलवर रोजचा वापर पाहता येईल, पण त्यांनीही वही ठेवावी. स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा लक्षात राहतो.

युनिट म्हणजे काय, हे पुन्हा एकदा पक्के करू. १००० वॅटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट होते. १०० वॅटचे १० तास चालले तरी १ युनिटच. वॅटला तासांनी गुणायचे आणि १००० ने भागायचे, एवढेच गणित आहे.

३. मीटरचा लाल दिवा काय सांगतो?

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकताना दिसतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट झाले. तुमच्या मीटरवर जो आकडा असेल तोच हिशेबाला घ्या.

आता प्रयोग. घड्याळ लावून एक मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्या संख्येला ६० ने गुणा, मग १००० ने गुणा आणि ३२०० ने भागा. आलेले उत्तर म्हणजे त्या क्षणी घरात चालू असलेले एकूण वॅट. १६ वेळा लुकलुकला, तर ३०० वॅट.

हाच प्रयोग रात्री झोपण्यापूर्वी करा. दिवे, पंखे, टीव्ही सगळे बंद करा आणि फ्रिजचा प्लग दहा मिनिटांपुरता काढा. मग दिवा पाहा. तो थांबायला हवा. थांबला नाही, तर काहीतरी चालूच आहे. समजा, मिनिटाला ४ वेळा लुकलुकतो. म्हणजे ७५ वॅट कुणीही वापरत नसताना जात आहेत. वर्षाचे ८७६० तास धरले तर ६५७ युनिट झाले! मग एकेक प्लग काढत जा आणि दिवा कधी मंदावतो ते पाहा. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, भिंतीत तसाच राहिलेला चार्जर अशी मंडळी सापडतील. एखादा सेट-टॉप बॉक्स नुसता बसून १२ वॅट घेत असेल, तर वर्षाला १०५ युनिट होतात. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो, तो झोपलेला असतो. खटका भिंतीवरचा दाबावा. प्रयोग झाल्यावर फ्रिजचा प्लग आठवणीने लावा. सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये दोष असू शकतो. तो जाणकार वायरमनकडूनच तपासून घ्यावा.

४. विजेची बचत नेमकी कुठे?

बचतीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे मन मारणे असा नव्हे. जे उपकरण जास्त वॅटचे आहे आणि जास्त तास चालते, तिथे आधी पाहावे.

पंखा : आपल्या हवेत पंखा वर्षाचे आठ महिने चालतो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नवीन बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास धरले तर दिवसाला ०.५४ युनिट वाचते, आठ महिन्यांत सुमारे १३० युनिट. ज्या खोलीत पंखा सर्वात जास्त चालतो तिथला आधी बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला शेवटी. जुना, पेटीसारखा मोठा रेग्युलेटर असेल तर तो हळू पंख्यातली वाचलेली वीज उष्णतेत घालवतो. तो बदलणे स्वस्तातले काम आहे.

दिवे : २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर एलईडी दिवे घरोघर पोहोचले. तरीही जिना, मोरी, देवघर अशा जागी जुनी ट्यूब राहून गेलेली असते. तांब्याच्या चोकसह ती ५० वॅटच्या वर घेते, एलईडीची पट्टी २० वॅटमध्ये तेवढाच उजेड देते.

फ्रिज : हा दिवसाचे २४ तास नोकरी करतो. तो भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागे हवा खेळायला जागा हवी. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झाले आहे. गरम वरणाचे पातेले निवल्यावरच आत ठेवावे.

एसी : पारा २४ ते २६ अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. याच ब्युरोने २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची पट्टी आणली. नवीन फ्रिज घेताना ताऱ्यांबरोबर पट्टीवरचे वर्षाचे युनिटही वाचावेत. मोठा पाच तारे फ्रिज लहान तीन ताऱ्यांच्या फ्रिजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो.

वाचलेल्या युनिटची किंमतही समजून घ्या. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. समजा, पहिल्या टप्प्याचा दर ३ रुपये आणि शेवटच्या टप्प्याचा ५ रुपये आहे. आपण रोज अर्धा युनिट वाचवले तर ६० दिवसांत ३० युनिट होतात, आणि ते वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. म्हणजे ९० नव्हे, १५० रुपये वाचले. प्रत्यक्ष दर आपल्या बिलावर छापलेले असतात, ते घेऊन हे उदाहरण पुन्हा सोडवा.

५. गॅसची वही

गॅसचा बाटला जोडला त्या दिवशी तारीख वहीत लिहा. घरगुती बाटल्यात १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या बाटल्याचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. भरलेला बाटला घेताना तो तोलून दाखवा असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. बाटला संपला की दिवस मोजा. समजा, ४७ दिवस चालला. १४,२०० ग्रॅम भागिले ४७, म्हणजे रोज सुमारे ३०२ ग्रॅम. हा तुमच्या स्वयंपाकघराचा आकडा झाला. ज्यांच्या घरी पाइपचा गॅस आहे त्यांनी मीटरवरील घनमीटर विजेप्रमाणेच दर रविवारी लिहावेत. एका बाटल्यातील उष्णता साधारण १७ ते १८ घनमीटर पाइपच्या गॅसइतकी असते.

आता विज्ञानाच्या पुस्तकातील एक नियम स्वयंपाकघरात नेऊ. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. पण तेच १ लिटर पाणी उकळून वाफ करून टाकायला आणखी ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे उघड्या पातेल्यातून अर्धा लिटर पाणी उगाच आटले, तर २७० किलोकॅलरी गेल्या. तेवढ्यात साडेतीन लिटर पाण्याला उकळी आली असती.

दुसरी गोष्ट. पाणी एकदा उकळले की आच कितीही मोठी केली तरी त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. मोठ्या आचेने भात लवकर शिजत नाही, वाफ मात्र जास्त होते. म्हणून उकळी येईपर्यंत मोठी आच, उकळी आल्यावर लहान आच आणि वर झाकण. कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून तिथे डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी झाली की आच कमी करावी. शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली उष्णता.

बाकीच्या गोष्टी आपल्या आया-आज्या करतच आल्या आहेत : डाळ-कडधान्य भिजवणे, एकाच कुकरात वरण, भात आणि बटाटे लावणे, चहाचे पाणी कपाने मोजून घेणे, फ्रिजमधले दूध थोडे आधी बाहेर काढून ठेवणे. ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली आणि पातेली काळी पडू लागली तर बर्नर साफ करायला हवा. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर आली तर ती हवा तापवते, भाजी नाही.

अंघोळीच्या पाण्याचे गणित मात्र वेगळे बसून करावे. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ४०० किलोकॅलरी लागतात. गीझरवर हे जवळपास अर्धा युनिट झाले. शेगडीवर, उष्णतेची गळती धरून, सुमारे ६० ग्रॅम गॅस. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे २४० ग्रॅम. वरच्या उदाहरणातील ४७ दिवसांचा बाटला मग २६ दिवसांतच संपेल! हिवाळ्यातही आपल्याकडे ऊन चांगले असते. काळ्या डब्यात पाणी उन्हात ठेवले आणि ते २० वरून २८ अंशांवर आले, तरी पुढचे काम ४० टक्क्यांनी कमी झाले. असे पाणी दुपारी किंवा संध्याकाळी वापरावे.

एक सूचना सर्वांनी पाळावी. गॅसची गळती शोधताना नळीवर साबणाचे पाणी लावावे, काडी कधीही पेटवून पाहू नये. वास आला तर विजेचे बटन चालू-बंद न करता खिडक्या उघडाव्यात आणि बाटल्याचा रेग्युलेटर बंद करावा. गॅस वाचवण्यासाठी खिडक्या लावून स्वयंपाक करू नये.

६. एका खिशातून दुसऱ्या खिशात

हल्ली अनेक घरांत गॅसच्या जोडीला इंडक्शनची शेगडी असते. अशा वेळी बाटला जास्त दिवस चालतो आणि घरात आनंद होतो. पण तोच स्वयंपाक विजेवर झाला असेल तर बचत झाली की नुसती जागा बदलली? हे कळण्यासाठी दोन्ही हिशेब एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर हवेत.

साधारण धरून चालू : १ किलो गॅस जेवढा स्वयंपाक करतो, तेवढ्यासाठी इंडक्शनला ९ ते १० युनिट लागतात. म्हणजे एक बाटला बरोबर सुमारे १३० ते १४० युनिट. आपल्या बिलातील वरच्या टप्प्याच्या दराने, करासह, १३५ युनिटची किंमत काढा आणि बाटल्याच्या किमतीशेजारी मांडा. कोणते स्वस्त, ते तुमच्या घरापुरते तुम्हालाच ठरवता येईल. शेजारच्या घरी उत्तर वेगळे येऊ शकते, कारण त्यांचा टप्पा वेगळा असेल.

हे जळण येते कुठून, हेही ध्यानात असू द्यावे. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येतो. वीज आपल्याला वणाकबोरीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते, आणि कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेच्या रूपाने बाहेर पडते. केवडियाच्या सरदार सरोवराची वीजही आहे. तिच्यात मध्य प्रदेशचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ टक्के आणि गुजरातचा १६ टक्के ठरलेला आहे. २०१५ मध्ये वडोदऱ्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचे सौर पॅनेल बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतून घरांच्या छपरांवरही पॅनेल बसत आहेत. पॅनेल घेण्याआधी वर्षभराची वही जवळ असली तर किती किलोवॅट लागतील ते नीट ठरवता येते आणि जास्तीचा खर्च टळतो.

७. बचत कुणाच्या वाट्याची?

पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. हेमा साने बुधवार पेठेत वीजजोडणी न घेता आयुष्यभर राहिल्या आणि त्यांनी ग्रंथलेखनही केले. हा त्यांनी स्वतः होऊन निवडलेला मार्ग होता. तो दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि आम्ही तो सुचवीतही नाही. पण किती पुरते याचा विचार करायला तो लावतो खरा.

घरात वही सुरू झाली की एक धोका असतो. आकडा वाढला की बोट आईकडे जाते, कारण शेगडीपाशी ती उभी असते. नाहीतर आजोबांकडे, कारण त्यांचा पंखा दुपारीही चालू असतो. असे होऊ देऊ नये. मे महिन्याच्या दुपारी आजोबांचा पंखा बंद करून वाचवलेले युनिट आम्हाला नको. रात्री नऊ वाजता एकाने, साडेनऊला दुसऱ्याने आणि दहाला तिसऱ्याने जेवण गरम करून मागितले, तर गॅस आईने जाळला नाही, आपण तिघांनी जाळला. सर्वांनी एकत्र जेवायला बसणे ही या यादीतील सर्वात स्वस्त युक्ती आहे. वही रविवारी सगळ्यांसमोर वाचावी, आणि पुढच्या आठवड्यात एकच बदल करायचा असे ठरवावे. एका वेळी पाच बदल केले तर कोणत्या बदलाने फरक पडला ते कळत नाही.

८. शाळेचीही वही

मुलांना घरी हिशेब ठेवायला सांगून शाळेने स्वतः ठेवू नये, हे बरे दिसत नाही. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की शाळेच्या मीटरचे रीडिंग दर सोमवारी सूचनाफलकावर लिहिण्यास परवानगी द्यावी. हे काम वरच्या वर्गातील मुले पाळीपाळीने करतील. सुट्टीच्या दिवशी, कुलूप असताना किती युनिट जातात, हा आकडा आपणां सर्वांच्या उपयोगी पडेल. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गाचे पंखे बंद करण्यासाठी प्रत्येक वर्गाने एक मॉनिटर नेमावा.

स्वाध्याय

१) चार आठवडे विजेचे रीडिंग घेऊन रोजचे सरासरी युनिट काढा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी आठवड्याचे कारण शेऱ्यावरून सांगा.
२) रात्रीचा लाल दिव्याचा प्रयोग करा. किती वॅट निघाले? ते वर्षाला किती युनिट होतात?
३) घरातील दहा उपकरणांचे वॅट आणि रोजचे तास लिहून त्यांचा क्रम लावा. पहिल्या तिन्हींची बेरीज एकूण वापराच्या किती टक्के येते?
४) समान पातेल्यात १ लिटर पाणी एकदा झाकण ठेवून आणि एकदा न ठेवता उकळवा. वेळ मोजा. हा प्रयोग मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावा.
५) आजीला किंवा आजोबांना विचारून, त्यांच्या लहानपणी एका महिन्याला किती जळण लागे आणि ते कुठून आणत, यावर दहा ओळी लिहा.

वह्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. ज्यांचा आकडा वाढला असेल त्यांनीही द्याव्यात. गुण हिशेब नीट ठेवल्याबद्दल आहेत, आकडा कमी आल्याबद्दल नाहीत.